मार्टिन्सव्हिलची स्टॉक कार शर्यत रेडिओवर कशी ऐकायची

नॅसकारची, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार मालिकेची, शर्यत नुसती डोळ्यांनी पाहिली तर अर्धीच कळते. गाड्या डावीकडे वळत राहतात, मधेच वेग कमी करायला लावणारा पिवळा झेंडा येतो, सगळ्या पिटमध्ये, म्हणजे टायर-इंधनाच्या थांब्यावर, जातात आणि पुन्हा गोल फिरू लागतात. बाकीची शर्यत रेडिओवर चाललेली असते. प्रत्येक गाडीचा संवाद प्रेक्षकांना ऐकता येतो, आणि कोणता ड्रायव्हर कोणासाठी गाडी चालवतोय हे तिथेच उघड होतं. विजयमंचावर सगळेच टीमचे आभार मानतात. त्यावरून इमानाची परीक्षा होत नाही.

शिकायला सगळ्यात सोयीचा ट्रॅक म्हणजे व्हर्जिनियातलं मार्टिन्सव्हिल. 1947 साली सुरू झालेला हा ट्रॅक जेमतेम 0.526 मैलांचा, म्हणजे साधारण 850 मीटरचा आहे. सरळ भाग डांबरी, वळणं काँक्रीटची, आणि वळणांचा उतार फक्त 12 अंश. वरच्या रांगेत बसलात तर पूर्ण ट्रॅक एका नजरेत येतो. एक फेरी सुमारे 20 सेकंदांची असते. वसंतातली शर्यत 400 फेऱ्यांची, शरदातली 500 फेऱ्यांची. शार्लट किंवा रॅलेकडच्या मराठी मंडळींना गाडीने दोन-सव्वादोन तास लागतात, त्यामुळे एका दिवसात जाऊन येणं जमतं.

जाण्याआधी

तिकीट काढताना खालच्या रांगा टाळा. स्वस्त मिळतात, पण ट्रॅकच्या मधल्या जागेत उभ्या असलेल्या ट्रकांमुळे पलीकडची सरळ बाजू झाकली जाते, शिवाय झिजलेल्या टायरांचे रबरी कण अंगावर येतात. लहान मुलं बरोबर असतील तर कानावरचे जाड मफ घ्याच. बोळे मुलांच्या कानात टिकत नाहीत. खाण्याचं सामान नेता येतं, बॅगच्या मापाचे नियम तेवढे ट्रॅकच्या वेबसाइटवर पाहून घ्या. इथला लाल सॉसेजचा हॉट डॉग प्रसिद्ध आहे, पण शाकाहारींच्या तो उपयोगाचा नाही. पोळी-भाजीचा डबा बरा.

ऐकण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, नॅसकारच्या अॅपमधला स्कॅनर. घरी टीव्हीसमोर तो उत्तम चालतो. ट्रॅकवर मात्र आवाज इंटरनेटवरून काही सेकंद उशिरा येतो, आणि 20 सेकंदांच्या फेरीत काही सेकंद म्हणजे गाडी पुढच्या वळणावर पोचलेली. ड्रायव्हरसाठी उंचावरून पाहणारा स्पॉटर ज्या धडकेची सूचना देत असतो ती तुमच्या डोळ्यांसमोर होऊनही गेलेली असते. म्हणून ट्रॅकवर खरा रेडिओ स्कॅनर लागतो. तो तिथेच भाड्याने मिळतो, त्या दिवशीच्या वारंवारिता भरूनच देतात. हेडफोन कान पूर्ण झाकणारे घ्या. गाण्याचे इअरफोन तिथल्या आवाजात कुचकामी ठरतात.

नवखे लोक स्कॅनर सगळ्या गाड्यांवर फिरता ठेवतात आणि इथेच घोटाळा होतो. तीस-चाळीस गाड्यांची तुटक अर्धी वाक्यं कानावर आदळतात आणि कंटाळून हेडफोन गळ्यात येतो. आधी एकच गाडी निवडा, यंत्र त्या क्रमांकावर होल्ड करा आणि शर्यतीचा पूर्ण पहिला टप्पा, म्हणजे पहिली स्टेज, तिथेच राहा. 2017पासून नॅसकारच्या शर्यती स्टेजमध्ये विभागलेल्या आहेत. स्टेजच्या शेवटी पहिल्या दहांना 10 ते 1 असे गुण मिळतात, आणि त्या वेळी पिवळा झेंडा ठरलेलाच असतो. त्या विश्रांतीत दुसरी गाडी जोडा: शक्यतो त्याच मालकाची. तिसरी हवी तर त्याच कंपनीच्या इंजिनाची, पण वेगळ्या मालकाची. ही निवड का, ते पुढे येईल.

तीन आवाज

सर्वात जास्त बोलतो तो स्पॉटर. स्टँडच्या माथ्यावर उभा राहून तो ड्रायव्हरचे डोळे होतो. ड्रायव्हरचं डोकं सीटच्या दोन्ही बाजूंच्या आधारांत आणि हॅन्स पट्ट्यात जखडलेलं असतं. फेब्रुवारी 2001मध्ये डेटोनाच्या शर्यतीत नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट अपघातात मरण पावले, त्याच वर्षी डोकं-मानेचं हे संरक्षण सक्तीचं झालं. 2022पासूनच्या नेक्स्ट जेन गाडीत मागचा कॅमेरा आहे, पण दाराला दार लावून चाललेली गाडी दिसत नाही ती नाहीच. म्हणून स्पॉटरची अखंड जपमाळ चालू असते: आत आहे, अजून आहे, मागच्या चाकाशी आहे, मोकळा. ‘मोकळा’ हा शब्द अर्धा सेकंद लवकर आला तर दोन गाड्या भिंतीत जातात. ड्रायव्हर न पाहता त्या शब्दावर वळतो. टीमवरचा विश्वास म्हणजे काय, ते पाहायला याहून चांगली जागा नाही.

दुसरा क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या चमूचा प्रमुख. तो कमी बोलतो, आकडे देतो: फेरीची वेळ, टायर किती फेऱ्या जुने, पुढच्याचा वेग. तिसरा ड्रायव्हर, जो बहुतेक गाडीबद्दलच बोलतो.

त्याचं बोलणं समजायला दोन शब्द पुरतात. गाडी टाइट म्हणजे स्टिअरिंग वळवूनही नाक वळत नाही, गाडी बाहेरच्या बाजूला सरकते. लूज म्हणजे मागचा भाग सुटतो आणि गाडी फिरायला पाहते. नुसतं टाइट म्हणून क्रू चीफला काही करता येत नाही. त्याला वळणात शिरताना, मध्यावर आणि बाहेर पडताना असं तिन्ही ठिकाणचं उत्तर हवं असतं, शिवाय टायर नवे असताना काय होतं आणि चाळीस फेऱ्यांनंतर काय होतं, हेही. मार्टिन्सव्हिलची नेहमीची तक्रार अशी की गाडी मध्यावर वळत नाही आणि बाहेर पडताना पेडल दाबलं की मागून सुटते. एक बरं केलं की दुसरं बिघडतं, म्हणून उपाय बारीक असतात. टायरमधली हवा अर्धा पौंड वर-खाली, किंवा मागच्या बाजूने लांब पाना घालून वेजचा, म्हणजे मागच्या स्प्रिंगवरच्या ताणाचा, एखादा फेरा. वेज वाढवलं की गाडी टाइटकडे झुकते, काढलं की लूजकडे.

नीट ऐका, कारण चांगला ड्रायव्हर इथे वेगळा पडतो. मागचे टायर स्वतःच पहिल्या वीस फेऱ्यांत जाळले असतील, तर तो तसं सांगतो. जो गाडीला दोष देतो त्याच्या गाडीत चुकीचा बदल होतो आणि पुढच्या सत्तर फेऱ्या वाया जातात. ड्रायव्हर जिमी जॉन्सन आणि क्रू चीफ चॅड नाउस यांनी 2006 ते 2016 या काळात सात विजेतेपदं एकत्र जिंकली, जॉन्सनने मार्टिन्सव्हिल नऊ वेळा जिंकलं. भांडणं त्यांचीही झाली. पण माहिती खोटी गेली नाही.

ब्रेक आणि उष्णता

500 फेऱ्या म्हणजे हजार वेळा जोरात ब्रेक. संध्याकाळ झाली की चाकांच्या आत लालभडक डिस्क दिसतात. धोका ब्रेक निकामी होण्याचा जितका, तितकाच टायरचा असतो: डिस्कची उष्णता रिमपर्यंत पोचते, टायरची रिमला बसणारी कड वितळते आणि चांगला दिसणारा टायर एकाएकी बसतो. म्हणून पिवळ्या झेंड्याखाली क्रू चीफ ब्रेकवर पाय ठेवू नको, गाडीला हवा लागू दे, असं बजावत असतो. ही सूचना वारंवार आली आणि ड्रायव्हर पेडल खाली जातंय म्हणाला, तर त्या गाडीवर पुढच्या पन्नास फेऱ्या लक्ष ठेवा.

केबिनमध्ये पन्नास अंश सेल्सियसच्या पुढे तापमान जातं. थंडाव्याचा शर्ट असतो, पण त्याचं पाणी थंड करणारं यंत्र बंद पडलं की तोच शर्ट अंगावर गरम पाणी खेळवतो. ड्रायव्हरची उत्तरं एका शब्दावर आली, तो विचारलेलंच पुन्हा विचारू लागला, की समजावं तो थकलाय. शहाणा क्रू चीफ अशा वेळी प्रश्न कमी करतो आणि पाणी प्यायची आठवण देतो.

पिट रोड

पिटची भिंत ओलांडून पाचच माणसं जातात: दोन टायर बदलणारे, एक टायर वाहणारा, एक जॅकवाला, एक इंधनवाला. चाकाला 2022पासून मधोमध एकच नट आहे. चार टायरांना नऊ ते अकरा सेकंद लागतात. हे सगळे पाहतात. पाहायचं खरं तर त्याच्या आधीचं आणि नंतरचं. इथे पिट रोडची वेगमर्यादा ताशी 30 मैल आहे, वर 5 मैलांची सूट. रस्ता तुकड्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक तुकड्यातला सरासरी वेग मोजला जातो. ड्रायव्हर डॅशबोर्डवरच्या दिव्यांवर नजर ठेवून मर्यादेच्या अगदी कडेवर चालतो, कारण ताशी 30 मैलांना गाडी सेकंदाला 44 फूट जाते आणि एका फुटावर जागा गेलेली असते. सापडला तर पिवळ्यात रांगेच्या शेवटी, हिरव्यात पुन्हा पिटमधून फेरी. निसटून लांब गेलेल्या टायरलाही शिक्षा आहे.

हिरव्या झेंड्याखाली इथे थांबणं महागात पडतं: दीड-दोन फेऱ्या जातात. त्यामुळे सगळे पिवळ्याची वाट पाहतात. शेवटच्या पिवळ्याला दोन टायर की चार, की थांबायचंच नाही, हा निर्णय क्रू चीफ काही सेकंदांत घेतो. ड्रायव्हरला तो पटो न पटो, गाडी त्यालाच चालवायची असते. वीस फेऱ्या उरल्या असताना जुन्या टायरांवर पुढे राहिलेला ड्रायव्हर रेडिओवर काय बोलतो, ते ऐकण्यासारखं असतं.

इमान कुठवर

आता त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गाडीकडे या. ड्रायव्हर एकाच वेळी तिघांचा बांधील असतो: स्वतःच्या गाडीच्या क्रूचा, त्याच मालकाच्या इतर गाड्यांचा, आणि शेवरोले, फोर्ड किंवा टोयोटा यांपैकी एकाचा. डेनी हॅमलिनचंच बघा: गाडी चालवतो जो गिब्जच्या टीमची, आणि मायकल जॉर्डनबरोबर भागीदारीत मालक आहे 23इलेव्हन टीमचा. दोन्ही टोयोटाच्या, तरी शेवटच्या फेरीत दोन वेगळे हिशेब.

यातलं काय चालतं? वेगवान सहकाऱ्याला मधल्या फेऱ्यांत वाट देणं, सेटअपची माहिती वाटून घेणं, टालाडेगासारख्या मोठ्या ट्रॅकवर एकमेकांना हवेच्या ओढीत धरून ठेवणं. आणि मुद्दाम वेग कमी करून, गिरकी घेऊन किंवा कारण नसताना पिटमध्ये जाऊन निकाल फिरवणं चालत नाही. ही रेघ सप्टेंबर 2013च्या रिचमंडच्या शर्यतीनंतर ओढली गेली. मायकल वॉल्ट्रिप रेसिंगच्या क्लिंट बोयरची गिरकी आणि ब्रायन व्हिकर्सचं पिटला जाणं यामुळे सहकारी मार्टिन ट्रूएक्स विजेतेपदासाठी लढणाऱ्या निवडक बाराजणांत पोचला. नॅसकारने 3 लाख डॉलर दंड केला, ट्रूएक्सला बाहेर काढून रायन न्यूमनला घेतलं, जेफ गॉर्डनला तेरावा म्हणून जोडलं, आणि पूर्ण ताकदीने शर्यत लढण्याचा नियम लिहिला. मोठा प्रायोजक गेला. 2015नंतर ती टीम उरली नाही.

तरी नोव्हेंबर 2024मध्ये इथेच तसंच घडलं. विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांतल्या शेवटच्या जागेसाठी विल्यम बायरन आणि क्रिस्टोफर बेल झगडत होते. शेवरोलेचे रॉस चॅस्टेन आणि ऑस्टिन डिलन बायरनच्या मागे राहिले, पुढे गेलेच नाहीत. टोयोटाचा बबा वॉलेस हळू झाला आणि बेलला हवी ती जागा मिळाली. तेवढ्यात बेल भिंतीला घासत वळणाबाहेर पडला. याच वळणांवर 2022मध्ये चॅस्टेनने भिंतीला चिकटून शेवटच्या फेरीत पाच जागा मिळवल्या होत्या आणि त्यानंतर ती युक्ती बंद झाली होती. म्हणून बेलची जागा गेली, बायरन पुढे गेला. तिन्ही टीमच्या ड्रायव्हरला आणि मालकाला प्रत्येकी 50 गुण वजा आणि 1 लाख डॉलर दंड झाला. क्रू चीफ, स्पॉटर आणि एकेक वरिष्ठ अधिकारी एका शर्यतीसाठी निलंबित झाले. ड्रायव्हर पुढच्या आठवड्यात गाडीत बसले, त्यांच्याशी बोलणारे घरी राहिले. आमच्या मते हा निवाडा नेमका होता, कारण असे डाव गाडीत शिजत नाहीत.

म्हणून शेवटच्या पन्नास फेऱ्यांत तिन्ही वाहिन्या आळीपाळीने ऐका. जिंकण्याची आशा नसलेल्या गाडीला दुसऱ्याचे गुण पुन्हा पुन्हा सांगितले जात असतील, तर कान टवकारा. तुम्ही ऐकताय तसंच नॅसकारही ऐकतं, त्यामुळे आज्ञा सरळ येत नाही. परिस्थिती माहीत आहे ना, एवढंच विचारलं जातं. मग ड्रायव्हर एकाएकी टायर बसतोय म्हणाला, तर त्याच्या फेरीची वेळ पाहा. टायर खरंच बसला असेल तर वेळ दर फेरीला वाढत जाते आणि क्रू चीफ लगेच पिटबद्दल बोलतो. नाटक असेल तर गाडी एकाच जागी, हव्या त्या गाडीपुरती, हळू होते.

शर्यत संपल्याचा काळा-पांढरा झेंडा पडल्यावर हेडफोन काढू नका. परतीच्या फेरीत ड्रायव्हर क्रूला काय म्हणतो ते ऐका, आणि एकदा यंत्र नॅसकारच्या रेस कंट्रोलच्या वाहिनीवर लावा. निकाल तपासणीनंतरच पक्का होतो: एप्रिल 2025मध्ये टालाडेगाला पाचवा आलेला जोई लोगानो स्पॉयलरच्या, म्हणजे गाडीच्या मागच्या उभ्या पट्टीच्या, आधाराचा एक बोल्ट नव्हता म्हणून बाद झाला. रेडिओवरच्या बोलण्याची चौकशी याहून उशिरा होते. दंडाची यादी आठवड्याच्या मध्याला येते.