मारुती 800च्या प्लग वायर घरच्या घरी बदलताना

कार्ब्युरेटरवाली मारुती 800 पावसाळ्यात सकाळी मिसिंग करते (झटके देत चालते) आणि इंजिन तापलं की सुतासारखी चालते, असं असेल तर आधी प्लग वायर (स्पार्क प्लगला करंट नेणाऱ्या जाड वायर) तपासा. कार्ब्युरेटर खोलायची घाई नको. इंजिनच्या उष्णतेनं वायरचं रबर कडक होऊन तडकतं. दमट हवेत त्या भेगांतून करंट थेट बॉडीवर उडी मारतो आणि प्लगपर्यंत पोचतच नाही. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं तर निळसर ठिणग्या दिसतात. पण बघायचं लांबूनच. काही हजार व्होल्टचा मामला आहे, चालू इंजिनच्या वायरला हात लावायचा नाही.

सेटमध्ये चार वायर येतात: तीन सिलिंडरच्या, एक कॉइलपासून (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) डिस्ट्रिब्युटर कॅपच्या (प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण) मधल्या भोकापर्यंतची. एकच तडकली असली तरी चारही बदला, बाकीच्यांचं वय तेवढंच असतं. नवी वायर मल्टिमीटरवर मोजून घ्या. कार्बनच्या गाभ्याच्या वायरचं रीडिंग काही किलोओहम येतं, शून्य येत नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका. मोजताना वायर हलकेच वाकवून पाहा. आकडा गायब झाला तर गाभा तुटलेला आहे.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून साफ करा, नाहीतर पुढे प्लग उघडाल तेव्हा ती सिलिंडरमध्ये जाईल.

आता मुख्य गोष्ट: एका वेळी एकच वायर. जुनी काढा, तेवढ्याच लांबीची नवी त्याच जागी लावा, मगच पुढची. सगळ्या एकदम उपसल्या की फायरिंग ऑर्डरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याच्या क्रमाचा, घोळ ठरलेला. या गाडीची ऑर्डर 1-3-2 आहे आणि टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर एक नंबर. चुकून घोळ झालाच तर कॅपवर क्रम लावायचा तो रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा) ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेनं. वायरींची अदलाबदल झाली तर गाडी सुरूच होत नाही, किंवा थडथडत कार्ब्युरेटरमधून फटाका फोडते.

वायर ओढायची नाही. रबरी टोपी धरून आधी थोडी डावी-उजवीकडे पिळायची, चिकटलेली सुटली की सरळ खेचायची. वायरला हिसका दिला तर आतली पितळी टोपी प्लगवरच राहते आणि पकड घेऊन बसावं लागतं. कॅपच्या भोकांत हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून घासा. नव्या टोपीच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, अगदी पातळ. मग ‘टक्’ असं जाणवेपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली टोपी हे काम फसण्याचं सगळ्यात मोठं कारण.

वायर जुन्याच क्लिपांत बसवा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनमधून धूर बाहेर नेणारा तापलेला पाइप) टेकू देऊ नका. टेकली की काही दिवसांतच रबर वितळतं.

बॅटरी जोडून गाडी सुरू करा, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) दोन मिनिटं ऐका, मग तिसऱ्या गिअरमध्ये एखादा चढ घ्या. अजूनही झटके येत असतील तर डिस्ट्रिब्युटर कॅप आतून टॉर्च लावून पाहा: पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर कॅप आणि रोटर दोन्ही बदलायला झालेत.