घर बदलताना या चुका टाळा: टेम्पो ठरला म्हणजे घर हललं असं नाही

बहुतेक घरांत शिफ्टिंगची तयारी म्हणजे तीनच कामं: खोके गोळा करणं, टेम्पोवाल्याशी घासाघीस आणि मुहूर्त. मग सामान बिनबोभाट पोचतं, पण घर आठवडाभर चालू होत नाही. गॅस नाही, वाय-फाय नाही, फ्रीज गार होत नाही, पांघरुणं कुठल्या खोक्यात आहेत ते कुणालाच आठवत नाही. माणसं थकतात ती सामान उचलून कमी आणि या बंद पडलेल्या घरात राहून जास्त. म्हणून इथे खोक्यांपेक्षा घर चालू करण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

गॅसचं काम शेवटच्या दिवसावर टाकणं

नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालवायचं म्हणून सगळे शेगडीभोवती जमतात आणि तेव्हा कळतं की रेग्युलेटर जुन्या ओट्याखालीच राहिला. हे निदान जाऊन आणता येतं. खरा घोळ कनेक्शनचा असतो.

शहर तेच आणि फक्त एजन्सी बदलणार असेल तर साधारणपणे सिलिंडर आणि रेग्युलेटर तुमच्याकडेच राहतात, फक्त नोंद नव्या एजन्सीकडे जाते. दुसऱ्या शहरात जाताना मात्र दोन्ही वस्तू जुन्या एजन्सीला परत करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, घ्यावा लागतो. डिपॉझिट परत मिळतं ते तुम्ही पूर्वी भरलं होतं तेवढंच, नव्या ठिकाणी भरायचं ते आजच्या दराने. वीस वर्षांपूर्वीचं कनेक्शन असेल तर हा फरक टोचतो, पण त्याला इलाज नाही. व्हाउचर मात्र जपून ठेवा, नव्या गावात कनेक्शन घेताना ते लागतं. आणि भरलेला सिलिंडर सामानाच्या टेम्पोत टाकू नका. चांगले पॅकर्स तो घेतही नाहीत.

नव्या घरात पाइपगॅस असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. सिलिंडरच्या आणि पाइपच्या गॅससाठी बर्नरच्या जेटचं भोक वेगवेगळं असतं, पाइपगॅसचं मोठं. सिलिंडरवरची शेगडी तशीच पाइपला लावली तर ज्योत मिणमिणते आणि डाळ शिजता शिजत नाही. उलट केलं, म्हणजे पाइपगॅसची शेगडी सिलिंडरवर लावली, तर ज्योत भसकन मोठी आणि पिवळी येते, भांडी काळी होतात आणि ते धोक्याचं आहे. जेट गॅस कंपनीच्या माणसाकडून बदलून घ्या. शेजारच्या हरहुन्नरी काकांना बोलावू नका.

फोनवर सांगितलेला दर खरा मानणं

घर न बघता दिलेला दर हा दर नसतो, आमिष असतं. सामान चढल्यावर ‘लिफ्ट छोटी आहे’, ‘गाडी गेटपर्यंत येत नाही’, ‘पलंग खोलायचे वेगळे’ असं सुरू होतं आणि तेव्हा तुमचं सगळं घर त्या ट्रकमध्ये असतं. ठरवण्याआधी माणूस घरी बोलवा किंवा व्हिडिओ कॉलवर माळ्यासकट सगळं दाखवा. (माळा हमखास विसरतो, आणि निम्मं सामान तिथेच असतं.) मजला, लिफ्ट, गाडीपासून दारापर्यंतचं अंतर, एसी काढणं-बसवणं हे सगळं दरात धरलंय का, ते लेखी घ्या. जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून बघा. नाव जुळत नसेल तर पुढे बोलूच नका. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ (वाटेतल्या नुकसानीचा विमा) ही बिलातली नुसती ओळ आहे की खरोखर पॉलिसी आहे, ते विचारा आणि पॉलिसीचा कागद मागा.

गावातल्या गावात वन-बीएचके हलवायचा असेल तर माझ्या मते मोठ्या पॅकर्सची गरज नसते. ओळखीचा टेम्पोवाला, चार हमाल आणि पावसाळा असेल तर धड ताडपत्री पुरते. महिनाअखेर आणि पाडवा-दसऱ्याचा सुमार टाळता आला तर टाळा. सगळ्या गावाला त्याच दिवशी घर बदलायचं असतं.

सोसायटीला आधी कळवायला विसरू नका, जुन्या आणि नव्या दोन्ही. काही ठिकाणी रविवारी सामान चढवू देत नाहीत, काही ठिकाणी लिफ्टच्या वेळा ठरलेल्या असतात. आणि सोफा नव्या लिफ्टमध्ये मावतो का, हे टेपने मोजा, अंदाजाने नको.

सगळंच पॅक करून टाकणं

खोक्यावर नाव वरच्या बाजूला लिहितात आणि मग त्यावर दुसरा खोका चढतो. नाव बाजूला लिहा, तेही दोन बाजूंना. पुस्तकं छोट्या खोक्यांत, ताटल्या उभ्या. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून त्याच पलंगाच्या फळीला चिकटपट्टीने लावा. लोखंडी कपाट ‘राहू द्या साड्या आत’ म्हणून भरलेलंच उचलायला लावू नका. दागिने आणि कागदपत्रं स्वतःजवळ.

पण सगळ्यात उपयोगी पडते ती एक पिशवी, जी टेम्पोत चढतच नाही: चहा, साखर, गाळणी, एक पातेलं, लायटर, रोजची औषधं, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर, कात्री, एक बल्ब, साबण, टॉवेल, दोन चादरी. सोबत केरसुणी आणि बादली. पहिली संध्याकाळ एवढ्यावर निघते, बाकीचे खोके उद्या उघडले तरी चालतात.

स्वस्त पार्टिकल बोर्डचं वॉर्डरोब मात्र नेऊ नका. एकदा खोललं की स्क्रूची भोकं सैल होतात आणि नव्या घरात दार कायम तिरकं लोंबतं. विका किंवा देऊन टाका.

यंत्रं उतरवल्या उतरवल्या चालू करणं

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या आणि उभाच न्या. वाटेत आडवा करावा लागला असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. ते खाली यायला वेळ लागतो, म्हणून काही तास, शक्यतो रात्रभर, उभा ठेवून मगच बटण दाबा. ‘फ्रीज गार होत नाही’ म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी हे आठवा.

फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या मागे लावायचे लांब बोल्ट नवीन मशीनबरोबर आलेले असतात. ते लावल्याशिवाय नेलं तर ड्रमला दणके बसतात. लावून नेले आणि काढायला विसरलात तर पहिल्याच स्पिनला मशीन बाथरूमभर नाचतं. बोल्ट काढूनही नाचत असेल तर चारी पाय जमिनीला नीट टेकलेत का बघा. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच ठेवायची, नाहीतर ॲसिड सांडतं. एसी काढताना गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घ्यायला सांगा, नाहीतर नव्या घरी गॅस भरण्याचं बिल हातात पडतं.

करारनाम्याला ‘नंतर बघू’ म्हणणं

भाड्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, पण कागद नसला की अडतं तुमचंच. गॅस, इंटरनेट, आधारचा पत्ता, सगळीकडे तोच कागद मागतात. ऑनलाइन नोंदणी एजंटमार्फत घरबसल्या होते. पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचं कामही त्याच्याच बरोबर उरका.

चावी घेताना वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि मागचं बिल भरलंय का ते ग्राहक क्रमांक टाकून बघा. थकबाकीपोटी वीज तोडायला आलेला माणूस भाडेकरू नवा की जुना ते विचारत बसत नाही. भिंतींचा, नळांचा, खिडक्यांचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. जुनं घर सोडतानाही तसंच करा. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापण्याची चर्चा मग लांबत नाही.

राहायला गेल्यावरच्या तक्रारी

बाथरूममधून गटाराचा वास येत असेल तर घाबरू नका. घर बरेच दिवस बंद असलं की जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि वास वर येतो. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. तरीही वास गेला नाही तर प्लंबर. नळाला धार बारीक असेल तर तोंडाची जाळी काढून धुवा, त्यात रेती अडकलेली असते. गीझर लावला की एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारा बोर्डावरचा खटका, पडतो? आधी गीझर एकटाच चालवून बघा. एकटा असतानाही पडत असेल तर दोष गीझरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. एसी, इस्त्रीबरोबरच पडत असेल तर लोड जास्त होतोय. दोन्हीकडे इलेक्ट्रिशियन लागतो. जास्त अँपिअरचा एमसीबी बसवून वेळ मारून नेऊ नका, वायर तापते. पेस्ट कंट्रोल मात्र सामान येण्याआधीच करून घ्यायचं असतं, नंतर प्रत्येक कपाट रिकामं करावं लागतं.

घरात म्हातारं माणूस असेल तर पहिल्या रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा लावून ठेवा. पंधरा वर्षं उठून उजवीकडे वळणाऱ्या आजोबांना अंधारात बाथरूम डावीकडे आहे हे आठवत नाही, आणि वाटेत खोके असतात. मुलांचा कोपरा सगळ्यात आधी लावा. हॉलचा सोफा दोन दिवस वाकडा राहिला तरी काही बिघडत नाही.

कागदोपत्री पत्ता बदलायला आधारपासून सुरुवात करा, बँका आणि बाकीचे बरेचजण तोच मागतात. मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी फॉर्म 8 असतो आणि तो ऑनलाइन भरता येतो. हे निवडणूक जाहीर होण्याची वाट न बघता करा, नाहीतर मतदानाच्या दिवशी जुन्या वॉर्डातल्या शाळेपर्यंत जावं लागतं.