चढावर मागे उलटणाऱ्या क्रॉलरसाठी

नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या काळ्या खडकांवर चढताना रिमोटचा क्रॉलर, म्हणजे खडकांवर हळू चढणारा छोटा ट्रक, मागे उलटत असेल, तर महागडे सुटे भाग मागवण्याआधी त्याचे वजन पुढे आणि खाली आणून पाहावे. टायरच्या दुकानात मोटारीच्या चाकांच्या बॅलन्सिंगसाठी 5 आणि 10 ग्रॅमची चिकटणारी वजने मिळतात. ती पुढच्या दोन्ही रिमच्या आतील कडेला, जागा स्पिरिटने पुसून, प्रत्येकी 30 ग्रॅम अशी समान अंतरावर लावावीत. मागची चाके हलकीच ठेवावीत. फरक मोजायला मदतनीस लागत नाही: भिंतीला टेकवलेल्या फळीवर ट्रक उभा करून फळीचे टोक हळूहळू वर न्यावे आणि तो उलटतो त्या उंचीवर भिंतीवर, वजने लावण्याआधी आणि नंतर, पेन्सिलीने खूण करावी. मात्र वजन वाढले की स्टिअरिंगच्या सर्वोवर (चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरवर) ताण येतो. दहा मिनिटांनी तो हाताला चटका देऊ लागला, तर प्रत्येक चाकातून 10 ग्रॅम काढावेत.