मर्यादित बजेट घेऊन हाय-एंड ऑडिओच्या दुकानात जाताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जसे सहज आत शिरून भाव विचारता येतो, तसे हाय-एंड ऑडिओच्या, म्हणजे उंची ध्वनियंत्रांच्या, दुकानात करता येत नाही. बहुतेक ठिकाणी आधी वेळ ठरवावी लागते, ऐकण्याची खोली वेगळी असते आणि पुष्कळदा वस्तूंवर किमतीची चिठ्ठीही नसते. ऐंशी हजारांत ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घ्यायला निघालेला माणूस या वातावरणात दबून जातो आणि मग एक तर न परवडणारे घेऊन येतो किंवा काहीच न ऐकता परततो.

यावर पहिला उपाय म्हणजे फोनवरच रक्कम सांगून टाकणे. ‘साठ ते ऐंशी’ असे मोघम बोलू नये, कारण विक्रेता ऐंशीपासूनच सुरुवात करतो. ‘वायरी आणि करासह ऐंशी हजार, त्यापुढे नाही’ असे स्पष्ट सांगावे. त्यावर समोरच्याने खोलीचे माप, ऐकण्याची आवड आणि घरात आधीपासून काय आहे हे विचारले, तर ते दुकान जाण्यासारखे आहे. ‘एवढ्यात काही येत नाही’ असे उत्तर मिळाले तर आभार मानून दुसरीकडे चौकशी करावी. व्हार्फडेल, डेनॉन, केंब्रिज ऑडिओ यांसारख्या कंपन्या प्राथमिक श्रेणीची यंत्रेही बनवतात. १९७८च्या सुमारास आलेला एनएडी ३०२० हा ॲम्प्लिफायर तर कागदावर अवघा २० वॅटचा आणि स्वस्त असूनही जगभर नावाजला गेला. कमी पैशांत चांगले ऐकू इच्छिणाऱ्याने ओशाळण्याचे काहीच कारण नाही.

दुकानात गेल्यावर आपल्या आवाक्यातली जोडी आधी ऐकवण्याचा आग्रह धरावा. दहा लाखांचे स्पीकर अगोदर ऐकले की त्यानंतरचे सगळे फिके वाटू लागते आणि रक्कम वाढवण्याचा मोह तिथेच सुरू होतो. रेकॉर्डिंग आपल्या परिचयाचेच न्यावे. संथ ख्यालाची सुरुवात यासाठी फार उपयोगी पडते, कारण तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, गायकाच्या आवाजामागे स्वतंत्रपणे ऐकू येते की नुसती गुणगुण उरते, आणि डग्ग्यावरची मींड, म्हणजे घसरत जाणारा नाद, स्वर म्हणून कळते की केवळ घुमते, हे दोन-तीन मिनिटांत समजते. दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला सांगावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला मोठा न वाटता अधिक चांगला वाटतो. मोबाइलवर आवाज मोजणारे साधे ॲप एवढ्या कामाला पुरते. असे सांगितल्याबद्दल चांगला विक्रेता कधीच नाराज होत नाही.

मोठ्या स्पीकरचा आग्रह झाला तर आपली खोली आठवावी. १२ फूट लांबीच्या बंद खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज मुळातच फुगतो, त्यामुळे अशा ठिकाणी छोटे बुकशेल्फ स्पीकर पुष्कळदा अधिक स्वच्छ वाजतात. इथे स्वस्त पर्याय हाच योग्य पर्याय असू शकतो. महागड्या वायरींबाबत तर ठाम राहावे. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा ३ मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०४ ओहम भरतो आणि ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. त्या पैशांतून स्पीकर एक पायरी वरचे घ्यावेत.

ग्राहकाचीही एक जबाबदारी आहे. ज्याने तासभर खोली उघडी ठेवून, यंत्रे बदलून ऐकवले, त्याच्याकडून ऐकून घ्यायचे आणि हजार-दोन हजारांसाठी ऑनलाइन मागवायचे, हे मला मुळीच पटत नाही. दुसरीकडे मिळणारा भाव त्याला मोकळेपणाने सांगावा. तो जुळवता येत नसेल तर घरी येऊन मांडणी करून देणे किंवा जुना ॲम्प्लिफायर बदल्यात घेणे यावर बोलणी करावी. शोरूममध्ये डेमोसाठी वापरलेली जोडी सवलतीत मिळेल का, हेही जरूर विचारावे. मात्र अशा जोडीची वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली जाईल, हे लेखी घ्यावे.

पैसे देण्यापूर्वी खोक्यावरची छापील कमाल किरकोळ किंमत आणि आयातदाराचे नाव पाहावे. अधिकृत वितरकाकडून न आलेल्या मालाला कंपनीची वॉरंटी बहुधा लागू होत नाही. बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा. छापील किमतीपेक्षा जास्त रक्कम मागितली गेल्यास किंवा बिल नाकारल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.