मे महिन्यात नेपाळला शिकवायला जाताय? या चुका टाळा

मार्च उजाडला की कोल्हापुरातल्या आमच्या चर्चच्या तरुण संघात एकच विषय असतो, यंदा नेपाळला कोण कोण येणार? दोन उन्हाळे मी या मुलांबरोबर गेले. पहिल्या खेपेला आमचं बरंच चुकलं, म्हणून हे लिहिते.

आधी कायदा. तिथे उपासनेला मोकळीक आहे, पण धर्मांतर करवणं किंवा त्याला उत्तेजन देणं गुन्हा आहे. २०१७ च्या दंडसंहितेचं कलम १५८ त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड सांगतं. परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. त्यामुळे आपल्या व्हीबीएसची, म्हणजे चर्चच्या सुट्टीतल्या बायबल शाळेची गाणी, बायबलची चित्रं, पत्रकं शाळेत न्यायची नाहीत. "एवढ्यानं काय होतंय?" असं कृपा करून म्हणू नका. आपण पंधरा दिवसांत घरी येतो. मागे चौकशीला तोंड देतात ते तिथले पाळक आणि मुख्याध्यापक. गणित शिकवायचं कबूल केलंय ना, मग गणितच शिकवा.

व्हिसा लागत नाही म्हणून मुलं कागदपत्रांबाबत गाफील राहतात. विमानानं जाताना १५ ते ६५ वयाच्या भारतीयांना आधार कार्ड चालत नाही; पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आमच्यातला एक जण आधार घेऊन मुंबई विमानतळापर्यंत आला आणि तिथूनच कोल्हापूरच्या गाडीत बसला. पासपोर्टचा अर्ज जानेवारीतच करा.

लिपी देवनागरी, त्यामुळे सगळं कळतं असं वाटायला लागतं. तिथल्या बाई दुपारी "खाजा खानुस्" म्हणाल्या, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे जत्रेतला गुळाचा खाजा आला. समोर आले पोहे आणि चणे. तिकडे खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं! यावर आम्ही दोघी हसलो. पण त्याच आठवड्यात एका मुलीच्या वहीत २०८१ साल दिसलं. मी लाल पेननं ते खोडून २०२४ लिहिलं. तिथे विक्रम संवत चालतं. पोरीचं बरोबर होतं. काही न बोलता तिनं वही मिटली. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी तिची माफी मागितली.

आठवड्याची सुट्टी शनिवारी असते आणि चर्चची मुख्य उपासनाही त्याच दिवशी. आम्ही जादा वर्ग नेमके शनिवारी ठेवले होते.

अनाथाश्रमात "थोडे दिवस" शिकवायचं निमंत्रण आलं तर नाही म्हणा. पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आई-वडील हयात असलेली मुलंही खेड्यांतून अशा ठिकाणी आणली गेली आहेत.

आणि बेत इथे बसून ठरवू नका. त्यांचं शालेय वर्ष वैशाखात सुरू होतं, म्हणजे मेमध्ये पुस्तकाचे पहिलेच धडे चालू असतात. दुसऱ्या वर्षी मी मार्चमध्येच बाईंना फोन केला, काय हवंय विचारलं. त्या म्हणाल्या, तिसरीच्या मुलांना हातच्याची बेरीज जमत नाही, तेवढी पक्की करून द्या. पंधरा दिवस आम्ही तेवढीच घेतली.