व्यसनविरोधी जनजागृतीचे कार्यक्रम : शाळेत आणि वस्तीत या चुका टाळा

मुंबईतल्या शाळांचे आणि मंडळांचे व्यसनविरोधी कार्यक्रम बहुधा दोन तारखांना होतात : ३१ मे, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिन, आणि २६ जून, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिन. पहिली तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीत येते, तेव्हा निम्मी मुले गावी असतात. दुसरी येते तेव्हा शाळा उघडून जेमतेम दहा-बारा दिवस झालेले असतात, पुस्तके वाटायची असतात, नवे प्रवेश चालू असतात आणि बाहेर पाऊस कोसळत असतो. तरीही त्या दिवशी प्रभातफेरी निघते, कारण अहवालाला फोटो जोडायचे असतात. लालबाग-काळाचौकी भागात अशा कार्यक्रमांच्या आखणीत मी अनेक वर्षे आहे आणि पुढे लिहिलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा आमच्याच हातून झालेल्या आहेत. तारखेची चूक सुधारायला सर्वांत सोपी आहे. दिन साजरा जरूर करावा. पण खरे काम गटारीच्या आधीच्या आठवड्यात, गणपतीच्या तयारीच्या बैठकांच्या वेळी आणि ३१ डिसेंबरच्या अगोदर ठेवावे, कारण पहिला घोट किंवा पहिली पुडी पुढे करणारे हात त्याच दिवसांत सगळ्यात जास्त असतात.

भीती दाखवणे

चित्रकला स्पर्धा ठेवली की पन्नासांपैकी चाळीस कागदांवर कवटी आणि तिच्या तोंडात सिगारेट असते. आपल्या राज्यातली वस्तुस्थिती वेगळी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर तंबाखू खाणारे किंवा मशेरीसारखी वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे मुलाच्या घरात जे रोज डोळ्यांसमोर असते, आजीची मशेरी, काकांची चुन्यात मळलेली तंबाखू, नाक्यावरचा मावा, ते त्याच्या चित्रात येतच नाही आणि आपण दिलेला इशारा त्याला परक्या कोणासाठी आहे असे वाटते. स्पर्धेचा विषय देतानाच ‘आमच्या घरातली, आमच्या गल्लीतली तंबाखू’ असा द्यावा. मात्र ही चित्रे भिंतीवर लावू नयेत आणि त्यांना क्रमांकही देऊ नयेत.

भीतीबद्दल आणखी एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून काढलेल्या प्रतिबंधविषयक मानकांत नुसती माहिती देणे, विशेषतः भीती वाटेल अशी माहिती देणे, आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीला विद्यार्थ्यांसमोर अनुभव सांगायला उभे करणे हे उपाय निष्फळ ठरलेल्यांत मोडतात. अमेरिकेत १९८३ मध्ये सुरू झालेला, पोलिसांनी वर्गात जाऊन शिकवण्याचा ‘डेअर’ हा कार्यक्रम तिथे गाजला, पण त्याचा टिकाऊ परिणाम अभ्यासकांना आढळला नाही. व्यसनमुक्त झालेल्या माणसाचे मनोगत प्रौढांच्या आणि कुटुंबीयांच्या सभेत फार मोलाचे असते. तेरा वर्षांच्या मुलाला मात्र त्यातून ‘इतके करूनही माणूस शेवटी ठीक होतो’ एवढेच ऐकू येऊ शकते. एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाची पावडर कशी दिसते, तिला कोणत्या नावांनी मागतात, ती केवढ्याला मिळते, हे मुलांना सांगणाऱ्या व्याख्यात्याला पुन्हा बोलावू नये. पालकांना आणि शिक्षकांना ही माहिती हवी, म्हणून त्यांची बैठक वेगळी घ्यावी.

मग वर्गात करायचे काय? नाही म्हणण्याचा सराव, आणि तोही खऱ्या प्रसंगावर. सातवीच्या एका वर्गात आम्ही दोघादोघांना समोर उभे करून एकाला पुडी पुढे करायला आणि दुसऱ्याला नकार द्यायला सांगत होतो. मुले पाठ केल्यासारखी ‘नाही, आरोग्यास हानिकारक आहे’ असे म्हणत होती. एक मुलगा मात्र गप्प उभा राहिला आणि मग म्हणाला, “सर, नाही म्हटलं की ते मला बॅटिंगच देत नाहीत.” त्या दिवशी आमची तासाची आखणी आम्हाला बदलावी लागली. नकार दिल्यावर मैदानात आपल्या बाजूने कोण उभे राहील, मोठ्या मुलांना राग न येता विषय कसा बदलायचा, दुसरी खेळायची जागा कोणती, यावर उरलेला वेळ गेला, आणि तेवढाच वेळ कामाचा ठरला. असा सराव वर्षातून एकदा करून उपयोग नाही. वर्गशिक्षकांनी तो दर पंधरवड्याला अर्धा तास घ्यावा.

दारुड्याची नक्कल

पथनाट्यात फाटक्या सदऱ्यातला, झोकांड्या खाणारा दारुडा आला की हशा हमखास पिकतो, म्हणून लिहिणारा त्याला सोडत नाही. आमच्या एका चाळीच्या पटांगणात असा प्रयोग झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथली पोरे संध्याकाळी घरी परतणाऱ्या एका गृहस्थांना नाटकातल्या पात्राच्या नावाने हाका मारू लागली. त्यांचा मुलगा आमच्या अभ्यासिकेत येत असे. तो यायचा थांबला. पुन्हा आणण्यासाठी मला तीनदा जावे लागले, आणि पहिल्या दोन वेळा त्याच्या आईने दार पूर्ण उघडलेही नाही. ज्या घराला मदतीची सर्वांत जास्त गरज होती तेच आम्ही आमच्यापासून तोडले. व्यसन हा आजार आहे असे फलकावर लिहायचे आणि रंगमंचावर आजारी माणसाची टर उडवायची, हे एकत्र चालत नाही. पात्र हवेच असेल तर ते दारू सोडू पाहणारे असावे. त्याच कारणाने, ‘माझ्या बाबांना पत्र’ असे निबंध मुलांकडून लिहून घेऊन व्यासपीठावरून वाचायला लावू नयेत.

सामुदायिक शपथ

आरतीनंतर हात पुढे करून ‘आजपासून थेंबभरही घेणार नाही’ अशी शपथ घ्यायला लावणे ही मंडळांची आवडती पद्धत आहे, आणि तिच्यात जिवाला धोका असू शकतो. जो माणूस रोज, कित्येक वर्षे, भरपूर पितो, त्याने एकाएकी बंद केल्यास हातपाय थरथरणे, घाम फुटणे, झोप उडणे, पहिल्या दोन दिवसांत फिट येणे आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होणे असे घडू शकते, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. सकाळी उठल्यावर ज्याचे हात कापतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात, त्याला शपथ देऊ नये. आधी डॉक्टरांकडे न्यावे. शपथेनंतर कोणाला फिट आली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर ‘दारूची आठवण येते आहे’ म्हणून घरी ठेवू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

दारासमोरची टपरी

शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे आणि अल्पवयीनाला असे पदार्थ किंवा दारू देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हे फलक लावून टपरी मात्र तशीच राहिली, तर मुले फलकापेक्षा टपरीवर विश्वास ठेवतात. तक्रार मुख्याध्यापकांनी किंवा शाळा व्यवस्थापन समितीने लेखी करावी. मुलांना घोषणा देत टपरीसमोर उभे करू नये, त्यांना त्याच रस्त्याने रोज जायचे असते. शिक्षकांच्या खिशातली पुडी आणि मंडळाच्या कमानीवरची पानमसाल्याच्या नावाची जाहिरात, यांनाही हेच लागू आहे.

कार्यक्रमानंतर कोणाकडे जायचे

हे न सांगणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. प्रत्येक पत्रकावर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत असावेत. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या सभांना शुल्क नसते. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी ॲलानॉनच्या सभा वेगळ्या भरतात. बायकांना हे सहसा कोणी सांगत नाही.

याशिवाय ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ हवी. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात अभ्यासिकेची मागची खोली मोकळी ठेवू लागलो. दोन शुक्रवार कोणीही आले नाही आणि कार्यकर्ते ती वेळ क्रिकेटच्या सरावाला देऊ म्हणू लागले. तिसऱ्या शुक्रवारी एक आई आली, मुलाच्या शाळेबद्दल बराच वेळ बोलली आणि उठता उठता तिने विचारले, मशेरी सोडायची तर सकाळी डोके दुखते त्याचे काय करायचे. म्हणून वेळ ठरवली की ती किमान तीन महिने बदलू नये, आणि खोलीबाहेर ‘व्यसनमुक्ती केंद्र’ अशी पाटी लावू नये. आमच्या खोलीवर ‘चौकशी’ एवढेच लिहिलेले आहे.