जुन्या बुलेटचं आयडलिंग: आधी जेट, मग स्क्रू

जुनी बुलेट ३५० सिग्नलला बंद पडते म्हणून नुसते स्क्रू पिळत बसू नका. मिककार्ब (तिचा कार्ब्युरेटर) उघडून पायलट जेट, म्हणजे आयडलिंगला (थ्रॉटल न देता इंजिन चालू असताना) पेट्रोल देणारा बारीक भोकाचा जेट, काढा आणि उजेडाकडे धरा. आरपार गोल भोक दिसायला हवं. जेट पितळी असतो, तार घातली की भोक मोठं होतं (बरेच मेकॅनिक तरी घालतातच!). कार्ब क्लीनर आणि हवेचा प्रेशर पुरे.

मग एअर स्क्रू (आयडलिंगच्या हवेचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत, तिथून दीड फेरा बाहेर. पुढचं ट्यूनिंग इंजिन गरम झाल्यावरच. स्क्रू आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं, बाहेर काढला की कमी होतं. आरपीएम सर्वांत जास्त चढेल तिथे थांबा आणि आयडल स्क्रूने आयडलिंगचा वेग परत खाली आणा. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल, तर जेट अजून तुंबलाय किंवा फ्लँजपाशी (कार्ब इंजिनला जोडतो त्या सांध्यात) बाहेरची हवा ओढली जातेय.